कॅनच्या झाकणाचं पेटंट तपासणाऱ्यांना एका डायमेकरचं खुलं पत्र

पेटंट परीक्षक मंडळी,

मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, ज्या कुठल्या ऑफिसात तुम्ही बसत असाल तिथे, भोसरीतून नमस्कार.

मी वकील नाही, पेटंट एजंट नाही, इंजिनिअरसुद्धा नाही, आयटीआय केलेला टूल अँड डाय मेकर आहे, म्हणजे पत्रा कापून-दाबून आकार देणारे साचे बनवतो. कोल्ड्रिंक आणि बिअरच्या कॅनची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये १९ वर्षं काढली, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, दोन ग्राइंडर, एक वायरकट, डाय चालवून बघायची एक जुनी ट्रायआउट प्रेस आणि चार माणसं. त्यातला एक माझा पुतण्या, जो कामापेक्षा मोबाइलवर जास्त असतो, पण हे पत्र त्यानंच टाइप करून दिलंय म्हणून आज त्याला काही बोलत नाही.

पत्र लिहायचं कारण असं की मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या एका गिऱ्हाइकाला एका मोठ्या कंपनीचं पत्र आलं. नाव घेत नाही. पत्रात एवढंच होतं की झाकण बनवायच्या एका पद्धतीचा आमचा अर्ज प्रसिद्ध झालेला आहे, तुमच्याकडची नवीन डाय त्याच पद्धतीची दिसते, तेव्हा विचार करा. पेटंट मिळालेलं नाही हं, नुसता अर्ज! पण पेटंट कायद्याच्या कलम ११ए मध्ये असं आहे की अर्ज प्रसिद्ध झाला की त्या तारखेपासून हक्क लागू धरतात, फक्त पेटंट मिळेपर्यंत दावा लावता येत नाही. गिऱ्हाईक घाबरलं. डाय मी बनवली होती, ऑर्डर अर्ध्यात थांबली. मग पुतण्यानं तो अर्ज शोधून काढला, रात्री जेवणं झाल्यावर दोघं बसलो, पहिला क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितलाय ते, वाचायला घेतला आणि मी चाटच पडलो, कारण त्यातल्या नऊ पायऱ्यांपैकी आठ पायऱ्या मी नोकरीला लागलो त्या दिवसापासून रोज बघत होतो आणि नववी आमच्या काकांनी, म्हणजे टूलरूमच्या सगळ्यात जुन्या सेटरनी (प्रेसवर डाय जुळवणाऱ्यांनी), बसवलेली होती.

त्या अर्जाचं काय करायचं ते रीतसर फॉर्म ७ए भरून, कलम २५(१) खाली, पेटंट मिळायच्या आधीच विरोध नोंदवून करू, त्यासाठी इथे तुमच्याकडे काही मागत नाहीये. मला बोलायचंय ते झाकणाच्या पद्धतीचा कुठलाही अर्ज टेबलावर आला की तो वाचायचा कसा याबद्दल. आगाऊपणा वाटला तर माफ करा, पण जो माणूस २० वर्षं एकाच गोष्टीकडे बघतो त्याला त्या गोष्टीबद्दल थोडं जास्त बोलायचा हक्क असतो असं मला वाटतं.

आधी झाकण कसं बनतं ते सांगतो, कारण अर्जात ते ज्या भाषेत लिहितात ते वाचून मला स्वतःलाच कळेना की हे आमचंच काम आहे.

दोन्ही बाजूंनी लॅकर मारलेली ॲल्युमिनियमची कॉइल येते, जाडी साधारण ०.२ मिलिमीटरच्या आसपास. झाकणाचा धातू वेगळा, ५१८२ म्हणतात त्याला, मॅग्नेशियम जास्त असलेला, कडक. कॅनचं अंग ३१०४ चं, ते मऊ, कारण ते ताणून ताणून भिंत ०.१ च्या आसपास आणायची असते. कॉइल शेल प्रेसमध्ये जाते, तिथे एका ठोक्याला कितीतरी गोल तुकडे कापून त्यांच्या उथळ वाट्या होतात. या वाटीला शेल म्हणायचं. मग तिची कड वळवतात, तो कर्ल. मग त्या कर्लच्या आत रबरासारखं कंपाउंड फिरवतात, ते नसेल तर कॅनला झाकण लावल्यावर गॅस निघून जाईल. इथपर्यंत झाकणाला उघडायची काही सोय नाही, नुसती ताटली.

पुढे कन्व्हर्जन प्रेस, जी या ताटलीचं उघडता येणारं झाकण करते. खरी गंमत इथे आहे, आणि पेटंटची निम्मी भांडणंही इथलीच. एका स्टेशनवर, म्हणजे प्रेसमधल्या एका टप्प्याच्या जागी, ताटलीच्या मध्यभागी धातू वर फुगवतात, त्याला बबल म्हणतो आम्ही. पुढच्या एक-दोन स्टेशनवर तो रुंद बुटका बबल आत ओढत ओढत अरुंद उंच बटण करतात. मग ओतायचं तोंड ज्या रेषेवर फाटणार ती रेषा सुरीनं दाबतात, तो स्कोर. दुसऱ्या अरुंद पट्टीतून टॅब बनत बनत शेजारून येतो, बटणावर बसतो, बटण वरून ठोकून चपटं केलं की टॅब पक्का. म्हणजे तुम्ही कॅन उघडताना जे ओढता ते कुठल्याही वेगळ्या खिळ्यानं बसवलेलं नाही, झाकणाच्याच धातूचा रिव्हेट आहे. भोक पाडलेलंच नाही. पुढच्या वेळी कॅन हातात आला तर नख लावून बघा.

ही युक्ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या एर्मल फ्रेझची. तोही टूलवालाच, स्वतःचा टूलरूमचा धंदा. १९५९ साली सहलीला गेला, ओपनर घरी राहिला, गाडीच्या बंपरवर कॅन फोडावा लागला आणि त्याचं डोकं चालायला लागलं अशी गोष्ट सांगतात. १९६२ मध्ये पिट्सबर्गच्या आयर्न सिटी बिअरच्या कॅनवर ते झाकण बाजारात आलं. तेव्हाचा टॅब उघडल्यावर हातात सुटून यायचा, लोक कुठेही टाकायचे, बीचवर पाय कापायचे. न सुटणारा टॅब रेनॉल्ड्स मेटल्सच्या डॅनियल कड्झिकनं काढला, तो १९७५ मध्ये बाजारात आला.

आता मला सांगा, फ्रेझच्या वेळी नवीन काय होतं? झाकण जुनं. रिव्हेट जुना, आपल्या तांबट आळीत शेकडो वर्षं कढईच्या कड्या रिव्हेटनं बसतायत. धातूवर रेघ मारून तिथे तो कमजोर करणं जुनं. सगळ्या पायऱ्यांची नावं लिहिली असती तर कुणीही म्हटलं असतं यात काय मोठंसं. उत्तर कळल्यावर गणित सोपंच वाटतं. पण झाकणाला भोक न पाडता त्याच्याच पोटातून रिव्हेट उपसून काढायचा, तो फाटू द्यायचा नाही, आणि मग त्यावर टॅब ठोकायचा, हे आधी कुणाला जमलेलं नव्हतं.

याच्या बरोबर उलटी गोष्ट आपल्याकडची. मिर्झापूरची. तुम्हाला पाठ असेल, तुमच्या परीक्षेला विचारतात म्हणे: बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. पितळेची भांडी लेथवर फिरवताना ती घट्ट धरून ठेवायची सोय, तिचं १९५१ चं पेटंट. अलाहाबाद हायकोर्टात एका न्यायमूर्तींनी पेटंट उडवलं, खंडपीठानं परत उभं केलं, आणि १३ डिसेंबर १९७८ ला सुप्रीम कोर्टानं शेवटी सांगितलं की ही नुसती वर्कशॉपमधली सुधारणा आहे, शोध नाही. २७ वर्षं! आणि त्याच निकालात हेही आलं की पेटंट दिलं म्हणजे ते टिकेलच याची हमी नाही. आमच्यासारख्याला हे वाक्य ऐकून बरं वाटतं, पण कोर्टात जाऊन ते वाक्य वापरायला किती पैसे लागतात ते विचारू नका.

मिर्झापूरमध्येही सगळे भाग जुने होते आणि डेटनमध्येही सगळे भाग जुनेच होते. एक शोध ठरला, एक वर्कशॉपची सुधारणा. मग फरक कुठे बघायचा? माझ्या मते फरक धातूत बघायचा. त्या पायरीला धातूचं असं काही झालं का जे आधीच्या पद्धतीनं होत नव्हतं, एवढाच प्रश्न. मिर्झापूरच्या भांड्याला काही नवीन झालं नाही, ते फक्त नीट धरलं गेलं. फ्रेझच्या झाकणात धातू अशा रीतीनं वर आला की तो फाटला नाही.

हे मी का ताणतोय, तर अर्जात पायऱ्यांची नावं असतात आणि नावांना काही अर्थ नसतो. "मध्यवर्ती पॅनेलवर उंचवटा निर्माण करणे", "त्या उंचवट्याचे पुनर्रेखन करणे", असं काहीतरी. काका सातवी पास, त्यांना हे वाचून दाखवलं असतं तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, "म्हणजे बबल का?"

काकांची ती नववी पायरी सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कारखान्यानं कॉइलची जाडी कमी केली. झाकणाला पैसा ॲल्युमिनियममध्येच जातो, एका झाकणामागे थोडं वाचलं तरी कोट्यवधी झाकणांत ते मोठं दिसतं, म्हणून सगळीकडे हीच धडपड चालू असते. जाडी कमी झाली आणि बटणं फाटायला लागली. सगळी नाही, हजारात एखादं, पण झाकणाच्या धंद्यात हजारात एक म्हणजे आग. बटणाच्या मुळाशी केसाएवढी चीर, डोळ्याला दिसत नाही, लाइट टेस्टरला दिसते. साहेब लोकांनी कॉइलवाल्याला फोन केले, लॅकरवाल्याला बोलावलं, लुब्रिकेशन वाढवून बघितलं. काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी बबलचा पंच, म्हणजे धातू दाबून फुगवणारा ठोकळा, काढायला लावला आणि जास्त व्यासाचा, मोठ्या रेडियसचा बनवायला सांगितला, आणि त्याची उंची उलट कमी केली. मला पटेना. बटण लहान करायचंय तर बबल मोठा कशाला? ते म्हणाले, "अरे, पीठ आधी मळून ठेवल्याशिवाय पोळी लाटतोस का तू?"

म्हणजे काय, तर बटणाला लागणारा धातू एकाच छोट्या जागेतून ओरबाडला तर ती जागा पातळ होऊन फाटते. आधी मोठ्या जागेतून थोडा थोडा गोळा करून ठेवला, उथळ टेकडीसारखा, की मग तो आत ढकलत ढकलत बटण उभं राहतं आणि मुळाशी जाडी टिकते. त्यांनी मधे एक जादा स्टेशनही घातलं, दोन टप्प्यांचं काम तीन टप्प्यांत. चिरा थांबल्या. त्या संध्याकाळी मॅनेजरनी सगळ्यांना वडापाव दिला, काकांना दोन. झालं, एवढंच बक्षीस.

आता तुम्हीच सांगा, हा शोध होता का वर्कशॉपची सुधारणा? खरं सांगू, मला अजून माहीत नाही. धातू ओढायचं काम करणाऱ्या चांगल्या माणसाला हे सुचू शकतं, म्हणजे तुमच्या भाषेत त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड आहे. पण आमच्याकडे तेव्हा सात-आठ जाणकार होते, मी धरून, आणि तीन दिवस कुणालाच ते उघड नव्हतं. हा जो कायद्यातला "जाणकार माणूस" आहे ना, तुम्ही त्याला डोक्यात कसा उभा करता याची मला फार उत्सुकता आहे. तो पीएचडी झालेला नसतो, आणि बावळटही नसतो. त्याच्या बोटांना डायच्या कडा लागलेल्या असतात, तो आवाजावरून सांगतो की तिसऱ्या स्टेशनला स्लग, म्हणजे कापलेला तुकडा, अडकलाय.

मी त्या मोठ्या कंपनीच्या अर्जात बघितलं, तर त्यांनीही हेच केलंय, बबलचा व्यास बटणाच्या व्यासाच्या अमुक पट ते तमुक पट. पण रेंज इतकी रुंद टाकलीय की त्यात काकांचा पंच बसतो, त्याच्या आधीचा जुना पंच बसतो, आणि बहुधा जगातल्या निम्म्या कारखान्यांचे पंच बसतील. माझी पहिली मागणी इथे. रेंज दिसली की विचारा, या आकड्याच्या आत काय होतं आणि बाहेर गेलं की काय बिघडतं, ते तुकडे कापून दाखवलंय का? आत चीर नाही आणि बाहेर चीर आहे, असं दाखवलं असेल तर भले त्यांना पेटंट द्या, मी टोपी काढीन. नुसता आकडा टाकला असेल तर तो आकडा शोभेचा आहे.

आता स्कोरकडे या. सुरी धातू कापून काढत नाही, दाबते. दाबलेला धातू कुठेतरी जायला पाहिजे, तो दोन्ही बाजूंना सरकतो, त्यामुळे पॅनेल, म्हणजे झाकणाचा मधला सपाट भाग, सैल पडतं, पत्र्याच्या डब्याचं झाकण टकटक वाजतं तसं. म्हणून मुख्य स्कोरच्या शेजारी एक उथळ दुसरी रेघ मारतात, ती ताण घेते, आणि सैलपणा खायला बारीक उंचवटे करतात. आता हे बटणाच्या आधी करायचं का नंतर, यानं फार फरक पडतो. आधी पॅनेल सैल पडलं तर बटणाला धातू वेगळ्या रीतीनं येतो.

हे मुद्दाम सांगतोय कारण कायद्यात कलम ३(एफ) आहे: ज्ञात साधनांची नुसती मांडणी, फेरमांडणी, ज्यात प्रत्येक साधन एकमेकांपासून स्वतंत्रपणे आपलं जुनंच काम करतं, तो शोध नाही. कलम चांगलंय. पण कन्व्हर्जन प्रेसची स्टेशनं स्वतंत्र नसतात हो. एका पट्ट्यावर बसलेल्या झाकणाला चौथ्या स्टेशनला जे झालं ते सहाव्याला भोगावं लागतं. कुणी फक्त क्रम बदलला म्हणून ३(एफ) लावून मोकळं होऊ नका, आणि कुणी फक्त क्रम बदलला म्हणून पेटंटही देऊ नका. क्रम बदलल्यावर स्कोरखाली उरलेली जाडी सरळ आली का, झाकण उघडायचा जोर कमी झाला का, ते विचारा.

३(डी) चं तर मला कोडंच आहे. ज्ञात प्रक्रियेचा, ज्ञात यंत्राचा नुसता वापर शोध नाही, जर त्यातून नवीन वस्तू निघत नसेल किंवा निदान एक नवीन अभिक्रियाकारक वापरला नसेल. हे औषधवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय हे उघड आहे. आमच्या प्रेसमध्ये कुठला अभिक्रियाकारक? ॲल्युमिनियम, तेल आणि शिव्या. त्यामुळे झाकणाच्या अर्जाला ३(डी) लावायचंच असेल तर त्यातला "नुसता" हा शब्द धरून बसा, बाकीचं कलम आमच्या दुकानात चालत नाही.

मोजमापाचं आता नीट ऐका, कारण इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. स्कोरखाली धातू किती उरला त्याला आम्ही रेसिड्युअल म्हणतो. मूळ जाडीच्या निम्म्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी. हा आकडा पाच-दहा मायक्रॉन इकडे तिकडे झाला तर एका बाजूला टॅब तुटेल पण तोंड उघडणार नाही, दुसऱ्या बाजूला उन्हात ठेवलेला कॅन गाडीत आपोआप फुटेल. आणि हा आकडा स्थिर नसतो! सोमवारी सकाळी प्रेस गार असते. पहिल्या अर्ध्या तासात गरम होते, स्पीड चढवला की डाय किंचित जास्त खाली जाते, रेसिड्युअल कमी होतं. आमच्याकडे सोमवारची पहिली झाकणं वेगळ्या ट्रेमध्ये काढायचे, आणि नवीन पोरगा आला की त्याला पहिला धडा हाच, गार प्रेसवर सेटिंग करून घरी जाऊ नको. तर अर्जात "उर्वरित जाडी अमुक ते अमुक" लिहिलं असेल तर विचारायला नको का, कधी मोजली? स्कोरच्या कुठल्या भागात, टॅबच्या नाकाखाली का मागच्या वळणावर? झाकण कापून मायक्रोस्कोपखाली का टोकदार डायल गेजनं? दोघांत फरक येतो.

हे माझं वेड आहे असं वाटत असेल तर परत डेटनला चला. फ्रेझचंच गाव. तिथल्या फेडरल कोर्टात २००५ मध्ये क्राउननं बॉलवर दावा लावला. दोन्ही जगातल्या सगळ्यात मोठ्या कॅनवाल्या कंपन्या. विषय काय, तर झाकणाची जी भिंत कडेपासून खाली खोबणीपर्यंत उतरते ती किती तिरकी ठेवायची, कारण ती तिरकी ठेवली की धातू वाचतो. पेटंट झाकणाचं, आणि ते कॅनला सीम करायच्या, म्हणजे कड दुमडून घट्ट बसवायच्या, पद्धतीचंही. खालच्या कोर्टानं आधी म्हटलं की वर्णन अपुरं आहे, २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं ते फिरवलं. मग पुढचा वाद निघाला की कोन मोजायची रेषा खाली नेमक्या कुठल्या बिंदूपाशी संपते! भिंत संपून गोलाई सुरू होते ती जागा तुम्ही कशी ठरवता यावर कोन बदलतो, आणि कोन बदलला की कुणी पेटंट मोडलं आणि कुणी नाही हेही बदलतं. २०२० च्या डिसेंबरात अपील कोर्टानं तेही प्रकरण परत खाली पाठवलं. १५ वर्षं, आणि भांडण एका बिंदूचं. तपासणीच्या वेळी परीक्षकानं एक ओळ लिहिली असती, बाबा रे, हा बिंदू चित्रात दाखव आणि मोजायची रीत लिही, तर कितीतरी वकिलांची घरं झाली नसती.

दुसरं एक प्रकरण झाकणाचं नाही, कॅनची मान आवळणाऱ्या मशीनचं, पण आपल्या कामाचं. क्राउनचीच पेटंटं, समोर बेल्व्हॅक ही मशीनवाली कंपनी. २०२४ च्या डिसेंबरात अपील कोर्टानं ती पेटंटं बाद ठरवली, कारण काय, तर अर्जाच्या एक वर्षाहून जास्त आधी त्यांनीच एका गिऱ्हाइकाला मशीनच्या किमतीचं पत्र पाठवलेलं होतं. एक पत्र! तिकडचा कायदा वेगळा आहे, विक्रीच्या प्रस्तावाला तिकडे जास्त वजन आहे, हे मला पुतण्यानं सांगितलं. पण मुद्दा असा की आधीपासून काय चालत होतं याचा पुरावा अशाच कागदांत असतो. तुम्ही शोधता पेटंटच्या डेटाबेसमध्ये. आमचा धंदा असतो कोटेशनमध्ये, मशीनच्या मॅन्युअलमध्ये, डायच्या ड्रॉइंगमध्ये, स्पेअर पार्टच्या कॅटलॉगमध्ये. टूलरूमच्या माणसानं पेटंटचा डेटाबेस बघितलेला नसतो आणि डेटाबेसनं टूलरूम बघितलेली नसते.

आणि इथे चूक आमचीही आहे, हे कबूल करतो. काकांच्या पंचाचं ड्रॉइंग माझ्याकडे आहे, पण त्यावर तारीख नाही. डायरी आहे, तिच्यावर तेलाचे हात उमटलेत, त्यात लिहिलंय "बबल मोठा केला, ओके", कुठल्या डायचा, कुठल्या साइजचा, काही नाही. २०२ म्हणजे दोन पूर्णांक दोन सोळांश इंचाचं झाकण, २०६ म्हणजे दोन पूर्णांक सहा सोळांश, निदान तेवढं लिहिलं असतं तरी काही झालं असतं. शिवाय ते काम बंद गेटच्या आत झालं, त्याला सार्वजनिक वापर म्हणायचं का हा वेगळाच वाद. वकीलसाहेब म्हणाले, काकांचं प्रतिज्ञापत्र घ्या. काका वारले तीन वर्षांपूर्वी.

म्हणून दुसरी मागणी. पहिला तपासणी अहवाल लिहाल तेव्हा अर्जदारालाच विचारा ना, तुमच्या स्वतःच्या जुन्या डायमध्ये आणि या पद्धतीत फरक काय? त्याला सगळ्यात चांगलं माहीत असतं. कलम १०(४) मध्ये स्पष्ट आहे की शोध पूर्ण आणि नेमका सांगायचा, आणि स्वतःला माहीत असलेली सगळ्यात चांगली रीत द्यायची. पण देतात का? पुरणपोळीची कृती सांगताना शेजारीण जायफळ सांगायचं विसरते तसे हे लोक पंचाची गोलाई विसरतात, लॅकरचा प्रकार विसरतात, तेल किती ते विसरतात. हातचं राखून सांगायचं आणि वर २० वर्षांची मक्तेदारी मागायची, हे काही बरोबर नाही. मी डायमेकर आहे, मला तो अर्ज वाचून डाय बनवता आली पाहिजे. नाही आली तर वर्णन अपुरं. माझ्यासारख्या कुणाला तरी वाचायला द्या, अर्ध्या तासात सांगेल.

हे सगळं एवढं लावून धरायचं कारण पद्धतीचं पेटंट तयार झाकणावर दिसत नाही. झाकण हातात घेऊन कुणी सांगू शकत नाही की बबल दोन टप्प्यांत झाला का तीन, अंदाज करू शकतो फार तर. आणि कलम ४८ प्रमाणे पद्धतीचं पेटंट असलं की त्या पद्धतीनं थेट बनलेली वस्तू विकायला, आयात करायलाही मनाई करता येते. वर १०४ए आहे, म्हणजे वस्तू हुबेहूब तीच आहे हे पेटंटवाल्यानं दाखवलं आणि काही अटी बसल्या, की कोर्ट समोरच्याला सांगू शकतं, तू सिद्ध कर की तुझी पद्धत वेगळी आहे. मोठी कंपनी असेल तर करेल सिद्ध, तिच्याकडे लॅब आहे, रेकॉर्ड आहे, तारखा असलेली ड्रॉइंगं आहेत. भोसरीतल्या, वाळूजमधल्या, तळोज्यातल्या चार माणसांच्या टूलरूमनं काय करायचं? त्याला गिऱ्हाईक सोडून जातं. माझ्या गिऱ्हाइकानं मला सोडलं तसं, आणि त्याचं काही चुकलं असंही मी म्हणत नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

तुमच्यावर कामाचा बोजा आहे हे माहीत आहे. सकाळी बॅटरी, दुपारी झाकण, संध्याकाळी गिअरबॉक्स, असं असेल तर बबल आणि बटण लक्षात ठेवायला वेळ कुठला. २०२४ च्या नियमांनी तपासणीची मागणी करायची मुदतही ४८ महिन्यांवरून ३१ वर आणलीय, म्हणजे अर्ज तुमच्याकडे लवकर यायला लागणार. म्हणून तर म्हणतो, वाचून कळत नसेल तर बघायला या. मुंबईच्या तुमच्या अँटॉप हिलच्या ऑफिसातून भोसरी काही लांब नाही, इंद्रायणी एक्सप्रेस पकडली तर सकाळीच पोचाल, पण तोवर प्रेस गरम झालेली असेल, म्हणून आदल्या रात्री येऊन राहावं लागेल. ट्रायआउट प्रेसवर काकांचा पंच अजून लावून ठेवलाय, जुनाही आहे. दोन्हींतून दहा-दहा झाकणं काढून देतो, बटणाच्या मुळाशी कापून देतो, मायक्रोस्कोप शेजारच्या गाळ्यात आहे, पाटलांना सांगून ठेवलंय. सेफ्टी शूजचा नंबर तेवढा आधी कळवा. आणि या तर सोमवारीच या, सातच्या आत, प्रेस गरम व्हायच्या आधी.

आपला,
एक डायमेकर, भोसरी

ता. क. पुतण्या म्हणतोय की पत्रात वडापावचा उल्लेख नको होता. मी म्हटलं राहू दे, तारीख नसलेल्या त्या डायरीत त्या दिवसाची तेवढीच एक नोंद नीट आहे: "वडापाव १४, चहा १४".